१३ अक्षरं, तीन सिलॅबल: फ्रेंच क्रियापद तोडायचं कुठे?

पत्र: मी नाशिकला राहते आणि डेल्फच्या (फ्रेंच भाषेच्या प्रमाणपत्राच्या) बी-२ परीक्षेची तयारी करते आहे. ‘आप्ले’ (हाक मारणे, फोन करणे) हे क्रियापद कंडिशनलमध्ये (‘अमुक झालं तर’ या अर्थाच्या रूपांत) चालवताना माझी गाडी अडते. ‘(वेळ मिळाला तर) ते फोन करतील’ या रूपात १३ अक्षरं आहेत: ए-पी-पी-ई-एल-एल-ई-आर-ए-आय-ई-एन-टी. वहीत त्याची तोड चार तुकड्यांत उतरवलेली आहे, ऑडिओत मला तीनच तुकडे ऐकू येतात आणि मी वाचते तेव्हा पाच होतात: आप्-पेल्-ले-रे-आँ. ‘आम्ही फोन करू’ हे रूप मी ऑडिओच्या धर्तीवर तीन तुकड्यांत म्हटलं, तर बाईंनी तेही चूक ठरवलं. मोजायचं तरी कसं? आणि लिहिताना ओळीच्या शेवटी शब्द तोडायचा झाला तर कोणती तोड धरायची?

उत्तर: तुमची वही बरोबर आहे, ऑडिओ बरोबर आहे आणि तुमच्या बाईही बरोबर आहेत. फ्रेंचमध्ये एकाच शब्दाच्या दोन तोडी असतात. एक कागदावरची, ओळीच्या शेवटी शब्द मोडण्यासाठी. दुसरी तोंडातली, बोलण्यासाठी. तुम्ही कागदावरची तोड तोंडात नेलीत म्हणून चाराचे पाच झाले. पुढे तोंडातली तोड ‘आम्ही’च्या रूपाला जशीच्या तशी लावलीत, तिथे एक नियम आडवा आला. दोन्ही गाठी सोडवता येतात आणि त्या एकदा सुटल्या की पहिल्या गणातली (ई-आरने संपणारी) शेकडो क्रियापदं त्याच वाटेने जातात.

पुढे उच्चार देवनागरीत दिले आहेत, ते वाचण्याची रीत आधी ठरवून घेऊ. व्यंजनाचा पाय मोडला असेल (ल्) तर स्वर नाही. पाय मोडलेला नसेल (ल) तर ‘अ’ स्पष्ट म्हणायचा, शब्दाच्या शेवटीसुद्धा. ‘ज़’ म्हणजे ‘स’ म्हणताना गळा गुंजला की निघतो तो आवाज. ‘झ़’ म्हणजे ‘श’ म्हणताना गळा गुंजला की निघतो तो. ‘र’ घशातला: जिभेचं टोक खालच्या दातांमागे पडून राहील आणि घर्षण पडजिभेपाशी होईल. चंद्रबिंदू असेल तिथे स्वर नाकातून काढायचा आणि त्यापुढे ‘न्’ किंवा ‘म्’ जोडायचा नाही. आपल्याकडे हीच सवय जड जाते, कारण मराठीत अनुस्वार पुढच्या व्यंजनाचं अनुनासिक होऊन बसतो, ‘अंत’चा ‘अन्त’ होतो. फ्रेंचमध्ये ओठ मिटले किंवा जीभ टाळूला टेकली की नाकातला स्वर बिघडला असं समजा.

आता तुमचं १३ अक्षरांचं रूप जवळून पाहू.

आधी शेपूट. ई-एन-टी हा तृतीयपुरुषी अनेकवचनाचा प्रत्यय आहे आणि क्रियापदात तो उच्चारत नाहीत. तुमचा पाचवा तुकडा, ‘आँ’, इथूनच आला. डोळ्याला ही अक्षरं दिसली की ‘आँ’ म्हणायची सवय नामांनी आणि विशेषणांनी लावलेली असते. ‘मठ’ या अर्थाचं नाम आणि ‘(कोंबड्या) अंडी उबवतात’ हे क्रियापद अक्षराअक्षराने सारखं लिहितात. नाम ‘कूवाँ’, क्रियापद नुसतं ‘कूव्’. म्हणून वाचताना आधी कर्ता शोधा. कर्ता अनेकवचनी आणि शब्द क्रियापद असेल तर ई-एन-टी झाकून टाका. इथे एक सापळा आहे: ‘तो येतो’ या रूपाच्या शेवटीही हीच तीन अक्षरं असतात, पण ते एकवचन आहे आणि त्याचा उच्चार ‘व्येँ’ होतो. ‘ते येतात’ मात्र ‘व्येन्’, तिथे नाकातला स्वर जाऊन खरा ‘न्’ ऐकू येतो.

शेपूट झाकल्यावर शेवटी ए-आय उरतात. ती दोन अक्षरं मिळून एकच स्वर, तोंड जरा जास्त उघडून म्हटलेला ‘ए’. त्याच्या आधी ‘र’. शेवटचा तुकडा झाला ‘रे’. कंडिशनलमध्ये मी आणि तू यांचं शेपूट सारखं लिहितात, तो आणि ते यांचं वेगवेगळं, आणि कानाला चारही ‘रे’च ऐकू येतात. ही सोय आहे, तिचा फायदा घ्या: उच्चार एक, लेखन तीन.

मग जोड-अक्षरं. दोन ‘पी’ आणि दोन ‘एल’ पाहून मराठी तोंड ‘पत्ता’, ‘दिल्ली’ यांच्यासारखं द्वित्त करतं. फ्रेंचमध्ये इथे द्वित्त नाही. एकच ‘प’ आणि एकच ‘ल’. दोन ‘एल’ लिहिण्याचं कारण वेगळं आहे: त्यांच्या आधीचा ‘ई’ पूर्ण, उघडा ‘ए’ म्हणून उच्चारायचा आहे, एवढीच खूण ते करतात. (द्वित्त खरंच ऐकू येतं अशी क्रियापदं मोजकी आहेत. ‘कूरीर्’ म्हणजे धावणे: ‘तो धावत होता’ हे ‘कू-रे’, आणि कंडिशनलमध्ये ‘कूर्-रे’. तिथे ‘र’ लांबवला नाही तर काळच बदलतो.)

राहिला मधला मूक ई, ‘एल-एल’ आणि ‘आर’ यांच्यामधला. तो गाळला की उरतं आ-पेल्-रे. तीन तुकडे. आधी ‘ईल्’ (ते) आलं की सर्वनामाच्या शेवटचा एरवी मुका असलेला ‘एस’ जागा होतो, ‘ज़’ होतो आणि पुढच्या स्वराला चिकटतो: ईल्-ज़ा-पेल्-रे. सर्वनामासकट चार.

हा मूक ई कधी गळतो आणि कधी राहतो, हाच तुमच्या पत्राचा खरा गाभा आहे, म्हणून इथे थोडं थांबू. आपण मराठीत हेच न शिकता करतो. ‘सरक’ म्हणताना र मध्ये ‘अ’ असतो, स-रक्. ‘सरका’ म्हटलं की तो ‘अ’ गळून सर्-का होतं. ‘सरकला’ मध्ये तो परत येतो, स-रक्-ला. लिहिताना तिन्ही ठिकाणी र तसाच. आता आप्लेची रूपं शेजारी ठेवा: ‘मी हाक मारतो’ झ़ा-पेल्, ‘आम्ही हाक मारतो’ नू-ज़ा-प्लोँ, ‘आम्ही हाक मारू’ नू-ज़ा-पेल्-रोँ. स्वर आहे, गेला, परत आला. फरक इतकाच की फ्रेंच लेखन ही ये-जा दाखवतं: स्वर जिथे भरीव तिथे दोन ‘एल’, जिथे गळतो तिथे एक. त्यामुळे ‘आम्ही हाक मारतो’ लिहिताना दोन ‘एल’ घातले तर ती चूक उच्चारातून आलेली असते. तोंडात आ-प्लोँ पक्कं बसलं की हात आपोआप एकच लिहितो.

फ्रेंचमधला नियम असा: मूक ई च्या आधी, त्याच शब्दात, उच्चारातलं एकच व्यंजन असेल तर तो सहज गळतो, दोन असतील तर राहतो. ‘मी देईन’ झ़-दोन्-रे, कारण आधी एकटा ‘न’. ‘मी बोलेन’ मात्र झ़-पार्-ल-रे, कारण आधी ‘र’ आणि ‘ल’ अशी जोडी आहे; ई गाळला तर र-ल-र अशी तीन व्यंजनं एकमेकांवर चढतात. ‘मी दाखवीन’ झ़-मोँ-त्र-रे, तेच कारण. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोरिस ग्रामों या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने याला ‘तीन व्यंजनांचा नियम’ असं रूप दिलं आणि वर्गात आजही तो त्याच नावाने सांगतात. मोजताना व्यंजनं कानाने मोजा, अक्षरांनी नाही. आप्लेमध्ये दोन ‘एल’ दिसतात, पण ऐकू एकच येतो, म्हणून ई गळतो.

मूक ई च्या आधी व्यंजन नसून स्वरच असेल तर प्रश्नच उरत नाही, तो कधीच उच्चारत नाहीत. ‘मी अभ्यास करीन’ झ़े-त्यू-दी-रे. इथे ‘दी’ आणि ‘रे’ यांच्यामध्ये कागदावर ई आहे, तोंडात काही नाही. ‘मी खेळेन’ झ़-झ़ू-रे, तसंच.

आता तुमच्या बाईंनी खोडलेलं रूप. ‘आम्ही फोन करू’ कंडिशनलमध्ये तीन तुकड्यांत म्हटलंत तेव्हा ‘ल’, ‘र’ आणि ‘य’ सलग आले. ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ यांच्या कंडिशनल प्रत्ययांत ‘र’पाठोपाठ लगेच ‘य’ येतो आणि या दोघांच्या आधी आणखी एक व्यंजन फ्रेंच जिभेला चालत नाही. म्हणून गळलेला ई परत येतो: नू-ज़ा-पे-ल-ऱ्योँ. सर्वनामासकट पाच. शेवटचा तुकडा ‘पायऱ्या’मधल्या ‘ऱ्या’सारखा एका दमात जायला हवा, ‘रि-योँ’ असा फोडायचा नाही. तुम्ही-रूप तसंच: वू-ज़ा-पे-ल-ऱ्ये. जोडी करून पाठ करा, भविष्यकाळात नू-ज़ा-पेल्-रोँ आणि कंडिशनलमध्ये नू-ज़ा-पे-ल-ऱ्योँ. त्या एका ‘अ’मुळे ‘य’ स्पष्ट ऐकू येतो आणि काळ ओळखू येतो. बाईंनी खोडलं ते बरंच झालं. परीक्षेच्या खोलीत भविष्य आणि कंडिशनल यांची गल्लत महागात पडते.

अपूर्ण भूतकाळातही हेच कारण काम करतं. ‘ते हाक मारत होते’ ईल्-ज़ा-प्ले, पण ‘आम्ही हाक मारत होतो’ नू-ज़ा-प-ल्योँ, कारण प-ल-य सलग येऊ शकत नाहीत. ईल्-ज़ा-प्ले आणि ईल्-ज़ा-पेल्-रे हे दोन उच्चार आळीपाळीने म्हणून पाहा. पहिला घडत राहिलेल्या भूतकाळाचा, दुसरा अटीचा. बोलताना भराभर ‘आपेले’ म्हटलं की दोन्ही अर्थ हातचे जातात.

वर सांगितलेली ‘ऱ्योँ एका दमात’ ही गोष्ट सगळीकडे लावू नका. ‘र’ किंवा ‘ल’च्या आधी त्याच तुकड्यात दुसरं स्पर्श-व्यंजन किंवा ‘व’-‘फ’ असेल तर उलटं होतं: ‘य’च्या आधी पूर्ण ‘इ’ येते आणि एक तुकडा वाढतो. ‘आम्हाला हवं होतं’ हे नम्र रूप नू-वू-द्रि-योँ, ‘तुम्ही करायला हवं’ वू-द-व्रि-ये, ‘विसरणे’ ऊ-ब्लि-ये. ही तीन रूपं बी-२ च्या तोंडी परीक्षेत सतत लागतात. वाद घालताना, तक्रार करताना, सुचवणी करताना त्यांच्याशिवाय पान हलत नाही. म्हणून तीच आधी घोटा.

‘करणे’ या क्रियापदाचं एक रूप नियमात बसत नाही, ते डोक्यात ठेवा. ‘आम्ही करतो’ मध्ये ए-आय लिहितात पण ‘ए’ म्हणत नाहीत: नू-फ-ज़ोँ. अपूर्ण भूतकाळातही झ़-फ-ज़े. ‘फे-ज़ोँ’ असं भारतातल्या वर्गांतून फार ऐकू येतं, कारण ‘तो करतो’ हे खरोखरच ‘फे’ आहे आणि तिथून सगळीकडे ओढलं जातं.

आता ‘ज़’बद्दल, कारण आप्लेमध्ये त्याच्यावर अर्थ टांगलेला आहे. ‘तो हाक मारतो’ ई-ला-पेल्; ‘ते हाक मारतात’ ईल्-ज़ा-पेल्. क्रियापदाचा उच्चार दोन्हीकडे तोच, एकवचन-अनेकवचन सांगणारा तो एकटा ‘ज़’. आणि ‘त्याचं नाव अमुक आहे’ हे ईल्-सा-पेल्, ‘त्यांची नावं अमुक आहेत’ हेही ईल्-सा-पेल्. म्हणजे ‘ज़’चा ‘स’ झाला की ‘ते हाक मारतात’चं ‘त्याचं नाव’ होतं. मराठीत ‘जाड’मधला ज जवळ येतो, पण त्यात सुरुवातीला ‘द’चा हलका अडसर असतो, फ्रेंच ‘ज़’मध्ये जीभ कुठेच टेकत नाही. लांब ‘ससस’ म्हणा, मध्येच गळ्यावर बोट ठेवून आवाज सुरू करा, आलेला आवाज धरून ठेवा. ई-ला-पेल्मध्ये आणखी एक गोष्ट घडते: ‘ईल्’मधला ‘ल्’ उचलून पुढच्या स्वराला दिला जातो. फ्रेंच तोंडाला तुकडा स्वरावर संपवायला आवडतं, मग मध्ये शब्दांची सीमा आली तरी चालते. ‘ईल्’नंतर थांबून ‘आपेल्’ म्हटलं तर ते तुटक वाटतं.

तुमच्या बाजूने एक चांगली गोष्ट. फ्रेंच ‘त’ आणि ‘द’ दंत्य आहेत, म्हणजे आपल्या ‘तवा’ आणि ‘दार’ मधलेच. प, त, क यांत महाप्राणही नाही. इंग्रजीतून फ्रेंचकडे आलेले विद्यार्थी ‘ट’ आणि ‘ड’ वापरतात. ते सोडा आणि घरचा त-द वापरा. आणि प्रत्येक तुकड्याला जवळपास सारखा वेळ द्या, वजन फक्त शब्दगटाच्या शेवटच्या तुकड्यावर.

सराव शेवटाकडून करा, कारण चुका शेपटीत होतात आणि पुढून वाचत गेलं तर तिथे पोचेपर्यंत दम संपलेला असतो. ‘रे’ पाच वेळा. मग ‘पेल्-रे’. मग ‘ज़ा-पेल्-रे’. मग ‘ईल्-ज़ा-पेल्-रे’. प्रत्येक तुकड्याला टेबलावर एक बोट टेकवा. बोटं चार व्हायला हवीत. पाचवं टेकलं तर बहुधा ‘ल्’मागे नकळत स्वर आला आहे. मग लगेच ‘ऱ्योँ, ल-ऱ्योँ, पे-ल-ऱ्योँ, ज़ा-पे-ल-ऱ्योँ, नू-ज़ा-पे-ल-ऱ्योँ’ अशी पाच बोटांची माळ. दोन्ही फोनवर रेकॉर्ड करून ऑडिओशेजारी ऐका. कागद समोर ठेवू नका, अक्षरं दिसली की तोंड पुन्हा द्वित्ताकडे वळतं. आप्ले बसलं की ‘आश्ते’ (विकत घेणे) घ्या. तिथे दोन ‘टी’ऐवजी ई वर डावीकडून उजवीकडे उतरणारी रेघ येते, काम तेच: ‘मी घेतो’ झ़ा-शेत्, ‘आम्ही घेतो’ नू-ज़ाश्-तोँ. १९९० च्या लेखनसुधारणेने अशा गटातल्या बहुतेक क्रियापदांना रेघ लावण्याची मुभा दिली. आप्ले, ‘झ़-ते’ (फेकणे) आणि त्यांच्यापासून झालेली क्रियापदं मात्र दोन अक्षरांवरच राहिली.

ऑडिओ कुठला आहे तेही पाहा. दक्षिण फ्रान्समध्ये, मार्सेय किंवा तुलूझकडे, मूक ई बऱ्याचदा उच्चारतात; तिथला माणूस तुमचं रूप आ-पे-ल-रे असं चार तुकड्यांत म्हणेल आणि ते त्याच्या बोलीत बरोबर आहे. गाण्यात आणि छंदोबद्ध कवितेतही ई मोजला जातो. परीक्षेला बोलताना एक रीत धरून ठेवा, अर्ध्या वाक्यात एक आणि अर्ध्यात दुसरी अशी भेसळ नको.

उरला कागदाचा प्रश्न. ओळीच्या शेवटी वहीतली चार तुकड्यांची तोड धरायची: ए-पी, पी-ई-एल, एल-ई, आर-ए-आय-ई-एन-टी. जोड-अक्षरांच्या मधून तोडायचं, मग तोंडात ती एकच असोत. मूक ई इथे मोजला जातो. स्वरांच्या मध्ये तोडायचं नाही, म्हणून शेवटचा सहा अक्षरांचा तुकडा सलग राहतो. दोन स्वरांमधल्या ‘वाय’ किंवा ‘एक्स’च्या आधी-नंतरही तोडत नाहीत, आणि नुसता मूक तुकडा पुढच्या ओळीवर ढकलणं छपाईत टाळतात, म्हणजे ‘तो हाक मारतो’चं शेवटचं एल-ई एकटं खाली नेऊ नये. हाताने लिहिण्याच्या परीक्षेत मात्र शब्द मोडण्याची गरजच पडू देऊ नका, अख्खा शब्द खालच्या ओळीवर घ्या. प्रश्नार्थक रूपात कर्ता मागे जातो आणि मध्ये आडवी रेघ येते, तेव्हा त्या रेघेशी तोडता येतं. ‘तो हाक मारतो का?’ (आ-पेल्-तिल्) मध्ये उच्चाराच्या सोयीसाठी घातलेला ‘टी’ दोन रेघांमध्ये असतो. तिथे पहिल्या रेघेशी तोडा आणि ‘टी’ला सर्वनामाबरोबर खालच्या ओळीवर न्या. ‘ते फोन करतील का?’ मध्ये असा ‘टी’ घालावा लागत नाही, प्रत्ययातला मुका ‘टी’च बोलू लागतो: आ-पेल्-रे-तिल्. तिथे रेघ एकच, ती ‘टी’च्या नंतर, आणि तोडायचं तर तिथेच.